खामगावातला म्युनिकचा ठेका

डिस्को क्लब आतून कसा असतो हे मी आजतागायत पाहिलेलं नाही. युरोपातल्या क्लबांत ऐंशीच्या दशकात वाजणारी गाणी मात्र मी खामगावात बसून वर्षानुवर्षं भरली आणि विकली. गिऱ्हाईक कोरी कॅसेट घेऊन यायचं, कागदावर गाण्यांची यादी द्यायचं आणि दोन-तीन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचं. यादीत वर किशोरकुमार, मध्ये एखादी कव्वाली आणि तळाशी बहुतेक वेळा एक ओळ असायची : ‘जागा उरल्यास इंग्रजी डिस्को.’ माझं सगळं शिक्षण त्या उरलेल्या जागेत झालं.

मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आयटीआय करून मी तिथं बसायला लागलो तेव्हा व्हॉल्व्हच्या रेडिओंचे दिवस सरत आले होते आणि घरोघरी टू-इन-वन येऊ लागले होते. मामांनी दुकानात आडवी फळी ठोकली, तिच्यावर दोन डेक मांडले आणि सोल्डरिंगचं टेबल मागं सरकवलं. धंदा चालायचा तो कापसावर. महाराष्ट्रात १९७२पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्यानं माल सरकारी केंद्रावर घालायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. चुकारे निघाले की कापडाची, भांड्यांची आणि आमची दुकानं एकदमच गजबजायची. चुकारे थकले की मी डेकची हेडं स्पिरिटच्या कापसानं पुसत बसे. जर्मनीत कोणतं गाणं पहिल्या नंबरवर गेलं याच्याशी माझ्या गल्ल्याचा काही संबंध नव्हता. पैसे कोणत्या आठवड्यात वाटले, एवढंच काय ते महत्त्वाचं.

माल मुंबईचा. शेगावहून रात्रीची गाडी धरायची आणि सकाळी मुंबईत उतरायचं. बेल्ट, पिंच रोलर, हेडं लॅमिंग्टन रोडवरून. टीडीके-सोनीच्या कोऱ्या कॅसेट मनीष मार्केट नाहीतर मुसाफिरखान्यातून. तिथंच सिंगापूरहून आलेल्या भरलेल्या कॅसेटही मिळत. हातात वेळ उरला तर काळ्या घोड्याला ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये जायचं, पण तिथं नुसतं ऐकायचं. तिथल्या रेकॉर्डची किंमत पाहिली की परतीचं तिकीट आठवायचं.

त्या सिंगापुरी कॅसेटवर गाण्यांची नावं चुकलेली असत. वर्ष नसे, देश नसे. एकाच कॅसेटवर जर्मनीचे मॉडर्न टॉकिंग, इटलीचा गझीबो, स्वीडनचा ‘युरोप’ बँड आणि ऑस्ट्रियाचा फाल्को. फाल्को तर ‘रॉक मी अमाडेउस’ बरंचसं जर्मनमध्ये गातो. आमच्याकडे तेही इंग्रजीतच मोडलं. या मंडळींपैकी बहुतेकांची इंग्रजी ही मातृभाषा नव्हती, हे मला फार उशिरा समजलं. समजल्यावर एक कोडं मात्र सुटलं. मॉडर्न टॉकिंगची गाणी आमच्या दहावीच्या पोरांना अर्धीमुर्धी का होईना कळायची, आणि अमेरिकन गाण्यांतलं एक अक्षर कळायचं नाही. परक्या भाषेत गाणारा माणूस सोपे शब्द घेतो आणि स्वच्छ उच्चारतो. ‘चेरी चेरी लेडी’ आणि ‘ब्रदर लुई’ला बुलडाणा जिल्ह्यात गिऱ्हाईक मिळालं त्याचं अर्धं श्रेय मी या साधेपणाला देतो. उरलेलं अर्धं ठेक्याला.

ठेक्याबद्दल जरा विस्तारानं सांगायला हवं, कारण या धंद्यात मी शिकलो ते तेच.

दुप्पट वेगानं कॅसेट भरणारे डेक पुढं बाजारात आले. वेळ निम्मा लागायचा, पण त्यात वरचे सूर बोथट व्हायचे, झांजेची किनार जायची. मामांना ते खपत नसे. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटांतच भरायची, हा त्यांचा नियम. त्यामुळे प्रत्येक कॅसेट भरताना मला ती अख्खी ऐकावी लागे. ही गाणी मी आवडली म्हणून ऐकली असं नाही. आधी ऐकावी लागली, मग हळूहळू आवडत गेली. शाळेत आपल्याला कवितेचे शब्द आधी शिकवतात. इथं सगळं उलटं झालं. कानानं पहिल्यांदा तळातला ठोका धरला, मग त्याच्यावरचा बेस, मग सिंथेसायझरची नक्षी, आणि सगळ्यांत शेवटी शब्द. कित्येक गाण्यांत मी शब्दांपर्यंत पोहोचलोच नाही आणि त्यानं काही अडलं नाही.

चार सरळ ठोके, मिनिटाला साधारण १२०. ही पद्धत युरोपात रुजवण्यात म्युनिक शहराचा मोठा हात. तिथं जॉर्जिओ मोरोदर या इटालियन संगीतकारानं १९७७मध्ये डोना समर या अमेरिकन गायिकेकडून ‘आय फील लव्ह’ गाऊन घेतलं. त्यातलं जवळपास सगळं वादन मूग सिंथेसायझरचं आहे. पण पायानं वाजवायच्या ढोलाचा दणका यंत्रातून मनासारखा निघेना, म्हणून तेवढा कीथ फोर्सी नावाच्या ड्रमरनं वाजवला. मला हे वाचून फार बरं वाटलं. त्या गाण्यात इतकी वर्षं काहीतरी माणसाचं ऐकू येत होतं ते काय, याचा छडा लागला.

गिऱ्हाइकांना तो ढोलच हवा असे. ‘भाऊ, खालचा वाजा जोरात भरा,’ ही कायमची मागणी. डेकवरचा काटा तांबड्या पट्ट्यात गेला की टेपवर आवाज दाटतो, बेस जाड होतो. पुस्तकात हा दोष आहे. खामगावात तो गुण ठरला. तांबड्यात किती जाऊ द्यायचं, कुठं थांबवायचं, हे कोणी शिकवत नाही. थोडं जास्त झालं की गायिकेचा ‘स’ चिरकतो. गायकाला सांभाळून ढोल वाढवायचा, ही माझी कारागिरी.

आता हे सगळं वाजायचं कुठं? आमच्याकडे डान्स फ्लोअर नव्हता. वरात होती, गणपतीचं विसर्जन होतं, कोजागिरीपासून चालणारा मोठ्या देवीचा उत्सव होता आणि कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. आणि एक जागा होती जिचा विचार म्युनिकमध्ये कोणी केला नसेल.

जळगाव जामोदकडचा एक पोरगा बोनी एम या गटाची कॅसेट भरून घेऊन गेला आणि आठवड्यात परत आला. तक्रार अशी की कॅसेट ‘धीमी’ भरली आहे. लावून पाहिली तर ठणठणीत. विचारपूस केली तेव्हा कळलं की हा रात्री मळ्यात जागलीला जातो, मचाणावर टू-इन-वन ठेवतो आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून गाणी लावतो. सेल उतरले की मोटर मंदावते आणि गाणं रेंगाळतं. सेल उन्हात वाळवून तो पुन्हा वापरत होता. मी म्हटलं, डुकरांसाठी बोनी एमच कशाला? म्हणाला, ‘लताबाईले थे भेत नाईत. जुनी गानी लावली तं आरामात भुईमूग खातात. रासपुटिन लागला का पयतात.’ बोनी एमनं १९७८च्या डिसेंबरात मॉस्कोत कार्यक्रम केला तेव्हा ‘रासपुटिन’ वगळावं लागलं होतं. सरकारला ते नको होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याच्यावर बंदी नव्हती. मी त्याला कॅसेटच्या दोन्ही बाजूंना पुन:पुन्हा तेच गाणं भरून दिलं. कोऱ्या कॅसेटचे पैसे तेवढे घेतले.

दुसरा किस्सा शेगावच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याचा. आमच्या दुकानावरून जाताना ते थांबले, कारण आत ‘हरि ओम हरि’ वाजत होतं. १९८०च्या ‘प्यारा दुश्मन’मधलं, उषा उथुप यांचं. त्यांनी विचारलं, ‘बाबू, हे भजन कोन्या महाराजांचं हाय?’ मला काय सांगावं सुचेना. हे गाणं ज्या ‘वन वे टिकेट’वरून घेतलंय ते इरप्शन या लंडनच्या गटाचं, त्याचा निर्माता फ्रँक फारियान जर्मन, आणि मूळ गाणं त्याच्याही वीस वर्षं आधी अमेरिकेत नील सेडाका गाऊन बसलेला. म्हणजे महाराज एक नव्हतेच. मामांनी पुढं होऊन सांगितलं, ‘मुंबईच्या एका बाई आहेत.’ बाबांनी उभ्या उभ्या पूर्ण ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, ‘भजन बेस हाय, पन टाळकरी लय घाईत हायत.’ या गाण्यावर याहून नेमकं मत मी आजवर वाचलेलं नाही.

कोणतं गाणं कुठून आलं हा प्रश्न दुकानात सारखा निघायचा. त्याची सुरुवात ‘जिमी जिमी’पासून झाली. ‘डिस्को डान्सर’ १९८२चा. बप्पी लाहिरींचं संगीत, गाणं पार्वती खान यांचं. आखातातून सुट्टीवर आलेल्या एकानं आम्हाला ओटावान या फ्रेंच जोडीची कॅसेट दिली. ती लावली आणि दुकानातले सगळे गप्प झाले. चाल तीच! कॅसेटवर वर्ष नव्हतं, त्यामुळे जमलेल्या मंडळींचं तत्काळ एकमत झालं की फ्रेंचांनी बप्पीदांची चाल चोरली. एकानं तर पत्र लिहायला हवं असंही सुचवलं. ओटावानचं ‘ते ओके’ हे १९८०चं, हे पुढं मुंबईच्या खेपेत समजलं. मग शोधण्याचा नादच लागला. ‘कोई यहाँ नाचे नाचे’च्या मागं बगल्स या इंग्लिश जोडीचं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ सापडलं. ‘हम किसीसे कम नहीं’मधल्या ‘मिल गया हम को साथी’च्या मागं स्वीडनच्या ॲबाचं ‘मम्मा मिया’. ‘डान्स डान्स’मधलं ‘झूबी झूबी’ ऐकताना तर शोधावंही लागलं नाही, ‘ब्रदर लुई’ आदल्याच वर्षी भरभरून विकलं होतं.

या शोधांनी गिऱ्हाइकाला काही फरक पडायचा नाही. मी उत्साहानं मूळ गाणं लावून दाखवायचो आणि समोरचा म्हणायचा, ‘असंन बा. तुमी आपलं मिथुनवालंच भरा.’ सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढं वाटू लागलं की ‘गाणं कोणाचं’ हा हिशेब फळीच्या अलीकडे बसणाऱ्याचा आहे. पलीकडचा नाचून मोकळा होतो. पण हिशेबाची एक बाजू मी विसरलेलो नाही. मुंबईनं म्युनिकला पैसे दिले नाहीत आणि आम्ही दोघांनाही दिले नाहीत. कायद्यानं पाहिलं तर आमचा धंदा चोरीचाच होता. १९८४मध्ये कॉपीराइटचा कायदा कडक झाला, तेव्हा मामांनी बाहेरची ‘कॅसेट भरून मिळतील’ ही पाटी उतरवली. कॅसेट भरून मिळतच राहिल्या.

एका बँडमास्तरांचं मी फार देणं लागतो. त्यांना सनई-क्लॅरिनेटपासून ट्रम्पेटपर्यंत सगळं यायचं. इंग्रजी स्वरलिपी यायची नाही. लग्नसराईच्या तोंडावर ते वही घेऊन यायचे आणि नवी गाणी सरगममध्ये उतरवून न्यायचे. ‘झूबी झूबी’ची मागणी आली तेव्हा मी त्यांना ‘ब्रदर लुई’ही ऐकवलं. त्यांनी दोन्ही डोळे मिटून ऐकली. मी शब्द सांगायला गेलो तर हातानंच थांबवलं : ‘अर्थ राहू दे बावा, मले खालचं ऐकू दे.’ त्यांनी सरळ वाटणी केली. वरची चाल मुंबईची ठेवली, कारण नवरदेवाच्या मित्रांना तीच तोंडपाठ. तळातला बेस जर्मनीचा घेतला आणि युफोनियमवाल्याला दिला. सिंथेसायझरची जी टोकदार नक्षी आहे तिच्यासाठी दोन ट्रम्पेट आलटून पालटून, कारण एकाचा दम पुरत नव्हता. ढोलवाल्याला सांगितलं, काही कलाकुसर करू नको, चार सरळ ठोके मार. ढोलवाला रुसला. आयुष्यभर तिहाया मारणाऱ्या माणसाला सरळ ठोके मारायला सांगणं म्हणजे अपमानच. पण वरात निघाली आणि दहा मिनिटांत त्याला दिसलं की चुलतेमालतेसुद्धा नाचताहेत, ज्यांना कधी ताल सापडला नव्हता. गुंतागुंतीचा ठेका चांगल्या नाचणाऱ्यासाठी असतो, सरळ ठेका सगळ्यांसाठी. युरोपातल्या डिस्कोवर तिथल्या जाणकारांनी यंत्रवत म्हणून नाकं मुरडली, त्यांनी ती वरात पाहायला हवी होती.

एका बाबतीत मात्र आपण युरोपच्या पुढं होतो असं माझं मत आहे. बोनी एमचा नाचणारा बॉबी फॅरेल गाण्यांतला पुरुषी आवाज काढतो असं सगळे समजत. तो आवाज निर्माता फारियानचा स्वतःचा होता. स्टुडिओत तो गायचा आणि मंचावर फॅरेल ओठ हलवायचा. पुढं याच फारियाननं मिली व्हॅनिली नावाची जोडी उभी केली. त्या दोघांनी रेकॉर्डवर एकही ओळ गायलेली नाही हे उघड झालं आणि १९९०च्या नोव्हेंबरात त्यांना दिलेलं ग्रॅमी पारितोषिक काढून घेतलं. तिकडे केवढा गहजब! आमच्या दुकानात ही बातमी पोहोचली तेव्हा कोणालाच गुन्हा काय ते समजेना. पडद्यावर एक आणि माइकमागं दुसरा, ही तर आपली रीतच. फरक एवढाच की आपण माइकमागच्याचं नाव छापतो आणि त्याला पडद्यावरच्यापेक्षा मोठं मानतो. फारियाननं नावं खरी छापली असती तर बहुधा काहीच बिघडलं नसतं. बॉबी फॅरेल गेला तो २०१०च्या डिसेंबरात ३० तारखेला, सेंट पीटर्सबर्गमध्ये. ज्याच्यावर ते गाणं आहे तो रासपुटिन मारला गेला तीच तारीख आणि तेच शहर. ही बातमी मला त्या जागलीवाल्या पोरानं फोन करून सांगितली. पोरगा म्हणजे आता आजोबा.

आवडीचं विचाराल तर मला ‘ब्रदर लुई’ फार आवडत नाही. फार वेळा भरलं म्हणून असेल. माझं गाणं गझीबोचं, १९८३चं ‘आय लाइक शोपाँ’. गझीबो म्हणजे बैरूतला जन्मलेला एका इटालियन राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा. गाण्याची चाल बांधणारा पिएरलुइजी जॉम्बिनी. रायन पॅरिसच्या ‘दोल्चे व्हिता’मागंही तोच. या गाण्यात ठेका आहे पण दणका नाही, पियानो भिजल्यासारखा वाजतो. मी ते जमेल त्याला ऐकवलं. विकलं मात्र कधी गेलं नाही. एकदा एका मास्तरांना भीड पडली म्हणून त्यांनी भरून घेतलं, आणि पुढच्या वेळी तीच कॅसेट पुसून वर भीमसेन भरून नेला. दुकानदारानं स्वतःची आवड गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, असं मामा म्हणत. मी ते पाळलं नाही, आणि माथी मारणं गिऱ्हाइकांनीच घडू दिलं नाही.

धंदा कशानं बसला याच्या फार कहाण्या सांगण्यात अर्थ नाही. टी-सिरीजनं भरलेली कॅसेट इतकी स्वस्त केली की भरून घेणं महाग वाटू लागलं. मग सीडी आली, मग एका चकतीत शेकडो गाणी मावू लागली. मी साउंड सर्व्हिसकडे वळलो. अँप्लिफायर, पेट्या, वायरी. मांडवात आवाज लावून देणं. तांबड्या पट्ट्याचं ज्ञान तिथं कामाला आलं. मध्यंतरी समजलं की ‘डिस्को डान्सर’ सोव्हिएत संघात तुफान चालला होता, आणि २००७मध्ये लंडनच्या एम.आय.ए. या गायिकेनं ‘जिमी’ पुन्हा गाऊन युरोपातल्या क्लबांत नेलं. फ्रान्सहून निघालेली चाल मुंबई करून परत गेली. आमच्या यादीत तेव्हा तिचा उल्लेख ‘मिथुनचं, पार्वतीवालं’ एवढाच असे.

आता माझ्यासोबत एक तरुण डीजे काम करतो. लॅपटॉपवर त्यानं ‘ब्रदर लुई’ आणि ‘झूबी झूबी’ एकावर एक चढवलंय, त्यात मध्येच एक कोळीगीत घुसवलंय, आणि ते बसतंही. ठोके मोजायचं काम यंत्र करतं. त्याला बँडमास्तरांची वाटणी सांगितली तर म्हणाला, ‘म्हणजे मॅशअप!’ तो बेस इतका ठेवतो की मांडवातल्या आजीबाई उठून जातात. त्यावरून आमचं दर लग्नात वाजतं. तडजोड अशी झालीय की रात्रीचा आवाज त्याचा आणि दुपारची तपासणी माझी. पेट्या नीट लागल्यात का हे पाहायला ओळखीचं गाणं लागतं, ज्यातला प्रत्येक कोपरा कानाला पाठ आहे. मी गझीबो लावतो. परवा नांदुऱ्याजवळच्या एका लग्नात खुर्च्या मांडणारा माणूस थांबला, जरा वेळ ऐकलं आणि विचारलं, ‘भाऊ, हे कोन्या पिक्चरचं हाय?’

म्हटलं, माझ्या तरी ऐकण्यात याचा पिक्चर आलेला नाही.